गच्ची बेतणारी बाई

आमच्या गल्लीत तिला सगळे मास्तरीणबाई म्हणतात. शाळेत तिने कधी शिकवलं नाही. गल्लीतल्या निम्म्या बायकांना शिवण मात्र तिनेच शिकवलं. घराच्या पुढच्या खोलीत विजेवरची तीन मशिनं, कापडाच्या कडा शिवायचं एक ओव्हरलॉक आणि मोठं कटिंगचं टेबल. हाताखाली दोघीजणी. काम शाळांच्या गणवेशांचं, त्यामुळे ठरलेल्या तारखेला गठ्ठे गेलेच पाहिजेत. आणि नेमकी दुपारी, काम रंगात आलं की रोज दोन तास वीज जायची. तिघी हातावर हात ठेवून बसायच्या.

तेव्हा गच्चीवर सौर पॅनल आणि खाली बॅटरी बसवायचं तिने मनावर घेतलं. पॅनलच्या कंपनीतून एक तरुण इंजिनियर पाहणीला आला. तास-दीड तास गच्चीवर फिरला आणि मान हलवत खाली उतरला.

"काकू, अवघड आहे. पूर्वेला शेजाऱ्यांची जिन्यावरची खोली, नैर्ऋत्येला तुमची पाण्याची टाकी. तुम्हाला आठ पॅनल लागतील, आणि सावली चुकवून जेमतेम चार बसतील."

"चारच लावा की मग."

"चारांवर तुमची मशिनं चालायची नाहीत. आणि आठ लावून दोनांवर सावली आली, तर ती दोन बाकीच्यांनाही मागे ओढतात. माळेसारखी जोडलेली असतात ना."

तो गेला. तिचे यजमान बसचालक म्हणून नुकतेच निवृत्त झाले होते. ते म्हणाले, "झालं समाधान? आता सोड तो नाद."

"अहो, तो तासभर वर होता," ती म्हणाली. "तासाभरात मी साधं झबलंसुद्धा बेतत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ती शिवणाचा खडू घेऊन गच्चीवर गेली. जिन्याच्या खोलीची सावली जिथे संपत होती तिथे रेघ मारली, शेजारी वेळ लिहिली. आठला पुन्हा, नऊला पुन्हा. दुपारनंतर टाकीच्या सावलीमागे लागली. मधल्या वेळात खाली मशीन चालूच. माझी खिडकी बरोबर तिच्या गच्चीसमोर. दर तासाला ही बाई टेप गळ्यात टाकून वर येते आणि गुडघ्यांवर बसून जमिनीची मापं घेते, हे बघून मला आधी काळजीच वाटली.

आठवडाभरात गच्ची रेघांनी भरून गेली. मग तिने पॅनलच्या मापाचे खाकी कागदाचे आठ तुकडे कापले आणि कापडावर साचे मांडावेत तसे गच्चीवर मांडले. आठही बसले! तिने लगेच इंजिनियरला बोलावून घेतलं.

त्याने सगळं नीट बघितलं. हसला नाही, हे त्याचं मोठेपण. म्हणाला, "काकू, काम झकास केलंय. पण हा उन्हाळा आहे. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, टाकीची सावली दुपटीने लांबेल. तेव्हा हे टिकणार नाही."

त्या संध्याकाळी तिने कागद गुंडाळून कपाटावर टाकले. यजमानांनी चहा करून पुढे ठेवला आणि या वेळी चेष्टा केली नाही. मला वाटलं, संपलं.

पण थंडी पडली आणि एका सकाळी ती शाल पांघरून पुन्हा गच्चीवर! या वेळी निळा खडू. टाकीची सावली खरोखरच लांब आली होती, आठातल्या तीन कागदांवर चढत होती. यजमान आता स्वतःहून घड्याळ बघून हाक मारायचे, "अगं, तीन वाजले, चल लवकर!" आणि टेपचं दुसरं टोक धरायचे.

तीन दिवस ती कागद इकडून तिकडे सरकवत राहिली. चौथ्या दिवशी तिच्या तोंडून निघालं, "कापडाचा पन्हा कमी पडला, तर आडवं बेतायला नको का!" पश्चिमेकडे पाच कागद उभे ठेवले, पूर्वेकडे तीन आडवे. पाचांवर सकाळपासून तीनपर्यंत स्वच्छ ऊन. तिनांवर दहानंतर थेट संध्याकाळपर्यंत.

इंजिनियर आला. कागदांभोवती एक फेरी मारली, मग दुसरी. मग खाली बसला.

"म्हणजे दोन वेगळ्या माळा करायच्या. पाचांची एक, तिनांची एक."

"एकमेकींना मागे ओढणार नाहीत ना मग?"

"नाही ओढणार." तो मोठ्याने हसला. "काकू, हे मला सुचायला हवं होतं."

महिन्याभरात पॅनल बसली. त्यानंतरच्याच आठवड्यात दुपारी वीज गेली. गल्लीतले पंखे थांबले, पलीकडची पिठाची गिरणी थांबली. आणि त्या शांततेत मास्तरीणबाईंची तिन्ही मशिनं खडखडत होती. लोक दारात येऊन उभे राहिले. आत ती मान वर न करता कॉलर शिवत होती, पण चेहऱ्यावरचं हसू काही लपत नव्हतं. यजमान दारात उभे राहून येईल त्याला सांगत होते, "आमच्या घरात दिवसा वीज जात नाही!"

आता तो इंजिनियर अडलेल्या गच्च्यांसाठी तिलाच फोन करतो. आतापर्यंत अकरा गच्च्या तिने बेतल्या. दोघांना तर तिने तोंडावर सांगितलं, इथे जमायचं नाही. बाकी नऊ घरांवर पॅनल झळकताहेत. परवा बेकरीवाल्याने विचारलं, "ताई, कधी येता? सकाळी की दुपारी?"

"दोन्ही वेळा," ती म्हणाली. "आणि थंडीत पुन्हा एकदा येईन. मग सांगते."

बेकरीवाला मुकाट्याने हो म्हणाला.