आईला वास चालत नाही

मांजराला घरात संडास लागतो हे मला मांजर घरात आल्यावरच कळलं. तोवर माझा समज असा, की ते आपलं कुठेतरी जातं, माती उकरतं, झाकतं आणि मिशा पुसत परत येतं. माहेरी तसंच होतं. पण माहेरचं घर बैठं, मागे परसू. नवीन पनवेलला आम्ही तिसऱ्या मजल्यावर, खाली कुत्र्यांची टोळी आणि जिकडे बघाल तिकडे सिमेंट. पिल्लू जिन्यात सापडलं तेव्हा ओंजळीत मावेल एवढं होतं. ते खाली उतरलं असतं तर परत वर आलं नसतं.

म्हणून घरातच सोय करायची ठरली. ठरली म्हणजे मी ठरवली. यांनी एक अट घातली. 'हे' म्हणजे माझा नवरा. अजून नाव घेत नाही. सवय, बाकी काही नाही. स्वयंपाकघरात येऊन, आवाज खाली करून हे म्हणाले, "माझं काही नाही गं. पण आईला वास चालत नाही. वास आला तर मांजर ठेवता येणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो."

सासूबाई तेव्हा गॅलरीच्या दाराशी कॉटवर बसून वाती वळत होत्या. दहा पावलं चालून मी त्यांनाच विचारू शकले असते. पण तेव्हा आमच्यात तशी पद्धत नव्हती. सासूबाईंचं म्हणणं माझ्यापर्यंत यायचं ते यांच्या तोंडून, आणि माझं त्यांच्यापर्यंत जायचं तेही यांच्याच तोंडून. सुनेने थेट जाऊन "आई, तुम्हाला काय चालतं, काय नाही?" असं विचारणं म्हणजे आगाऊपणा. न विचारण्याला मर्यादा म्हणायचे. मीही ती अगदी मन लावून पाळली, काय सांगू!

आणि मला ते पिल्लू हवं होतं. बिल्डिंग नवी, निम्म्या घरांना कुलपं. यांना सकाळी कंपनीची बस न्यायची ती संध्याकाळी आणून सोडायची. मी दुपारी बालवाडीत शिकवून परत आले की घरात सासूबाई आणि मी, दोघी दोन खोल्यांत गप्प. पिल्लू आलं आणि मला दिवसभरातलं काय काय सांगायला कुणीतरी मिळालं. ते ऐकायचंही, किंवा ऐकल्यासारखं करायचं. मला तेवढं पुरे होतं.

आता ट्रे. आज दुकानात जाऊन बोट दाखवलं की मिळतो. तेव्हा "मांजराच्या संडासाचा ट्रे द्या" म्हटलं असतं तर दुकानदाराने गल्ल्यावरून उठून माझं तोंड बघितलं असतं. मी आधी जुनी ॲल्युमिनियमची परात घेतली. तिचा काठ एवढासा. पिल्लू उकरायला लागलं की अर्धी वाळू फरशीवर, आणि नखं परातीवर घासली की अंगावर काटा यायचा. मग समोरच्या बांधकामावरून एक टाकून दिलेलं घमेलं आणलं. ते बुडाशी गोल. पिल्लू काठावर चढलं, घमेलं कलंडलं आणि सगळं, अगदी सगळं, पिल्लासकट पायपुसण्यावर. त्यानंतर पिल्लू घमेल्याकडे फिरकलंच नाही. माझ्या धुवायच्या कपड्यांत जाऊन बसायचं. प्लॅस्टिकचा टब घेतला तर त्याचा काठ इतका उंच की ते पुढचे पाय टेकून नुसतं ओरडायचं, आणि नखांनी चरे पडले की त्या चऱ्यांत घाण मुरायची, घासून जाता जात नसे.

शेवटी हवा तसा ट्रे मिळाला तो जुन्या पनवेलच्या बाजारात, एका फोटो स्टुडिओत. फोटो धुवायचा मोठा, पांढरा, इनॅमलचा ट्रे. चौकोनी, बुडाशी सपाट, काठ वीतभर, आणि एका कोपऱ्यात पाणी ओतायला चोच. रंगीत फोटो आल्यापासून स्टुडिओवाल्याकडे तो पडूनच होता. "घरी फोटो धुता?" त्याने विचारलं. मी खरं ते सांगितलं. "मग एकदा मांजराला घेऊन या," तो म्हणाला, "ट्रेमध्ये बसवून फोटो काढू." मी इतकी खूश होते की मलाही हसू आलं.

ट्रेमध्ये काय घालायचं हा निराळाच घोळ. वाळू ओली झाली की जड, आणि तिला मुंग्या. इस्त्रीवाल्याकडची राख वासाला उत्तम, पण मांजर त्यातून निघून घरभर राखाडी पावलं उमटवत जायचं. वखारीतला भुसा शेपटीला चिकटायचा. मग दारावर भाजी घेऊन येणाऱ्या सुकापूरच्या बाईने गिरणीतलं भाताचं तूस आणून दिलं. कशाला हवंय ते कळल्यावर टोपली खाली ठेवून ती पोट धरून हसली. "बाय गं! आमच्या घरान मानसांना संडास नाय न तुमच्या मांजराला हाय!" तळाला जुना पेपर, त्यावर थोडी राख, वर तूस. हे जमलं. मांजर दोन दिवसांत शिकलं. उकरायचं, बसायचं, झाकायचं आणि माझ्याकडे असं बघायचं की मीच काहीतरी शिकले.

साफसफाईत मी कसूर केली नाही. सकाळी बालवाडीत जायच्या आधी आणि संध्याकाळी दिवा लावायच्या आधी, जुन्या झाऱ्याने वरचं काढून कागदात बांधून खाली कचराकुंडीत. एक दिवसाआड सगळं रिकामं करून ट्रे कढत पाण्याने आणि धुण्याच्या सोड्याने घासायचा, चोचीतून पाणी ओतायचं, गॅलरीत उन्हात पालथा घालायचा. फिनेल नाही. फिनेलच्या वासाने मांजर ट्रे सोडून भलतीकडे जातं हे मी एकदा करून बघितलं होतं.

आणि तरी, आठ-पंधरा दिवस झाले की हे स्वयंपाकघराच्या दारात. "आईला वास येतोय."

मी ट्रेवर वाकून, नाक जवळजवळ तुसाला लावून हुंगायची. मला काही यायचं नाही. "तुला सवय झालीय," हे म्हणायचे. "तुझं नाक मेलंय." मी शेजारणीला मुद्दाम चहाला बोलावलं आणि तिला घरभर हुंगत फिरवलं. "अगं, तुझ्या आमटीच्या फोडणीचा येतोय," ती म्हणाली, "आणि हिंग जरा जास्त झालाय." मी यांना सांगितलं. हे हळहळले. "मला पटतं गं. पण आईचं नाक फार तिखट. तिला काय सांगणार?"

मग मी ट्रे रोज घासायला लागले. न्हाणीघरातून गॅलरीत, गॅलरीतून जिन्याच्या चौकात हलवला. सोड्याने हातांची साल निघाली. बालवाडीत मुलांचे डबे उघडून द्यायचे तर बोटं चुरचुरायची. आणि मनातल्या मनात मी सासूबाईंच्या नाकाला काय काय शिव्या घातल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण तोंडातून चकार शब्द काढला नाही. हे माझ्या बाजूचे आहेत, बिचारे मध्ये सापडलेत, असं मला वाटायचं. शेजारणीला मी सांगतही होते, "हे आहेत म्हणून ते मांजर टिकलंय."

एका दुपारी मी आले तर ट्रे धुऊन, पुसून, भिंतीला उभा केलेला. मांजर नाही. हे रजा घेऊन घरी होते. मला जवळ बसवून, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चिरनेरला माझ्या मित्राच्या मामांकडे सोडून आलो. भाताची कणगी आहे, उंदीर भरपूर, मजेत राहील. आईने आज सकाळी निर्वाणीचं सांगितलं, माझा नाइलाज झाला." मी रडले. आणि रडता रडता, निदान चांगलं घर बघितलंत म्हणून त्यांचे आभार मानले. आभार!

संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, "मांजर कुठे दिसत नाही गं?" माझं डोकंच फिरलं. एवढं करून वर साळसूदपणा! "तुम्हाला माहीत असेलच," मी म्हटलं आणि आत निघून गेले. त्यानंतर कित्येक महिने मी त्यांच्याशी जेवायला चला, औषध घ्या, याच्यापलीकडे बोलले नाही.

मग तो गॅसचा दिवस. दुपारी जिना चढत होते तर दुसऱ्या मजल्यापासूनच वास. वर आले, दार ढकललं, तर घर गॅसने भरलेलं. डोळे चुरचुरायला लागले. आणि स्वयंपाकघरात, सिलेंडरच्या अगदी शेजारी पाटावर बसून, सासूबाई शांतपणे लसूण सोलत होत्या. बाजूला काडेपेटी. मी रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या, त्यांना दंडाला धरून ओढत गॅलरीत आणलं. नळीला चीर गेली होती.

"आई, अहो, वास नाही आला तुम्हाला?" मी किंचाळलेच.

"मला कुठला यायला वास?" त्या म्हणाल्या. चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य. "तुझे सासरे गेले त्या साली मला मोठा ताप आला होता. त्यात गेला तो गेलाच. दूध उतू जाऊन करपलं तरी कळत नाही. बरं झालं आलीस, मी आता चहाच ठेवणार होते."

मी विचारलं, "यांना माहीत आहे हे?"

"त्याला नाही माहीत? अगं, लहानपणी दूध नासलंय का ते तोच मला हुंगून सांगायचा."

"मग मांजर? मांजराचा वास?"

"मांजराचं काय?" त्या म्हणाल्या. "बरं होतं की ते. दुपारी माझ्या पायाशी येऊन निजायचं. तूच कंटाळलीस ना? शाळा सांभाळून तिला ते घाण काढणं जमत नाही, असं म्हणाला तो. मी म्हटलंसुद्धा, मी काढीन, नाहीतरी मला वास येत नाही. तर म्हणाला, तिला नकोच आहे, तू काही बोलू नकोस, तिला वाईट वाटेल."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. मला सांगायचं आईला नको, आईला सांगायचं तिला नको, आणि स्वतः दोघींच्या मध्ये गरीब गाय होऊन उभं राहायचं. मांजर नको होतं तर "मला नको" म्हणायचं होतं. भांडले असते, चार दिवस अबोला धरला असता, संपलं असतं. पण मी हाताची साल जाईस्तोवर तो ट्रे घासत होते आणि हा माणूस दारात उभा राहून बघत होता, एका न येणाऱ्या वासासाठी. आणि मग मला एकेक आठवायला लागलं. माझी आई महिनाभर राहायला येणार होती, ते आईला चालणार नव्हतं. मला बी.एड. करायचं होतं, ते आईला पसंत नव्हतं. मी एकेक विचारत गेले आणि सासूबाई मान हलवत गेल्या. त्यांच्या कानावर यातलं काहीच आलं नव्हतं.

पुढच्या रविवारी यांना कंपनीत जादा पाळी होती. सासूबाई स्वतःहून म्हणाल्या, "चल, आपण ते घेऊन येऊ." आम्ही दोघी पहिल्यांदाच यांच्याशिवाय कुठेतरी निघालो. झाकणाची वेताची टोपली घेतली, आत माझी जुनी साडी घातली. उरणच्या एसटीने गेलो, पुढे विचारत विचारत गेलो. मामांचं घर सापडलं. कणगी होती. मामी पदराला हात पुसत बाहेर आल्या. मित्राचं नाव सांगताच त्यांनी ओळखलं, आम्हाला पाणी दिलं. मग मी मांजराचं विचारलं.

"मांजर?" त्या म्हणाल्या. "नाय बाय. आमच्याकडं कुनी मांजर आनलं नाय."

सासूबाईंनी परत विचारलं. मामींनी परत तेच सांगितलं. येताना एसटीत टोपली सासूबाईंच्या मांडीवर होती आणि त्या तिचं झाकण उगाच उघडमीट करत होत्या. मी खिडकीला डोकं लावून रडले. घर मिळालं म्हणून मी आभार मानले होते, ते घरही नव्हतं.

संध्याकाळी हे आले. बूट काढत असतानाच मी म्हटलं, "चिरनेरला जाऊन आलो आम्ही दोघी." यांनी दुसरा बूट काढला. "पिशवीतून निसटलं वाटेत. तुला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही."

"कुठे निसटलं?"

"आता काय आठवतंय? एका मांजरावरून केवढं करताय! आणि मी तरी कुणासाठी केलं? आईला..."

आई समोरच कॉटवर बसल्या होत्या. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "माझं नाव घेऊ नकोस." आणि जेवायला उठल्या नाहीत.

मांजर कुठे सोडलं, खाडीपलीकडे, हायवेला की आणखी कुठे, ते मला आजतागायत कळलेलं नाही. संसार झाला. बी.एड.ही झालं, सासूबाईंनी माझा स्वयंपाक सांभाळला म्हणून. पण यांचं कुठलंही वाक्य मी त्यानंतर तपासल्याशिवाय गिळलं नाही. सासूबाई जाऊन आता बरीच वर्षं झाली.

परवा नात आली होती. बाहेरच्या खोलीत यांच्या मांडीवर बसून म्हणाली, "आजोबा, आपण मांजर पाळू या ना!" मी आत मेथी निवडत होते.

"मला चाललं असतं गं बाळा," हे म्हणाले, "पण तुझ्या आजीला चालणार नाही."