पाऊणकीचे नाना

आमच्या कारखान्याच्या टाइम ऑफिसात बसून नाना समुद्राची वेळ सांगत. समुद्र तिथून दिसत नव्हता की ऐकू येत नव्हता. खिडकीबाहेर बॉयलरची चिमणी आणि ट्रकांची रांग, बस. पण बोईसरच्या त्या वसाहतीत कुणालाही सुट्टीच्या दिवशी किनाऱ्यावर जायचं असलं की तो आधी नानांच्या टेबलाशी येई. नाना भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघत, ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत आणि सांगत, "साडेनऊला पोचा. अकरानंतर वालूवर बसायला जागा उरनार नाय." गेलेला माणूस परत येऊन शपथेवर सांगे की अगदी तस्संच झालं.

ते पुटपुटणं म्हणजे पाऊणकी. पाऊणचा पाढा. आमच्या वडिलांच्या पिढीने तो छड्या खाऊन पाठ केला आणि आमच्या पिढीने त्याचं फक्त नाव ऐकलं. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं, येईल त्या तासाला भरती, आणि आपल्या किनाऱ्याला वर अर्धा तास धरायचा, असा नानांचा हिशेब. बीज असली की बे पाऊण दीड, वर अर्धा, दोनला भरती. तिच्या सहा तास आधी ओहोटीचा तळ. पोरं फोनवर ताडून बघायची आणि गपचूप फोन खिशात घालायची. पाऊणकीचे नाना हे नाव त्यातूनच पडलं, आणि ते नानांनाही ठाऊक होतं.

नाना मूळचे माकुणसारचे. घरी वाडी, वाडीत केळी आणि पानवेली, आणि पगारापुरता कारखाना. आम्ही बहुतेक सगळे बाहेरचे, कुणी सोलापूरचा, कुणी जळगावचा, कुणी थेट बिहारचा. मी आटपाडीकडचा, म्हणून मला ते नावाने कधी हाक मारत नसत, "काय आटपाडी" म्हणत. दोन वेळच्या पाण्यासाठी वणवण करणाऱ्या मुलखातून आलेल्या माणसाला रोज त्याच्या गावाच्या नावाने हाक मारायची, यात त्यांची थोडी थट्टा होती आणि बरीचशी माया होती.

एकदा नव्या साहेबांनी नानांना न विचारता कंपनीची सहल ठरवली. सकाळचं कोवळं ऊन, साडेसातला समुद्रकिनारी नाश्ता, असा छापील कागद नोटीस बोर्डावर लागला. दोन बसगाड्या भरून आम्ही केळव्याला उतरलो तर समुद्रच नाही! अमावास्येनंतरची बीज, ऐन ओहोटी. नजर जाईल तिथवर ओली वाळू आणि पार टोकाला एक पांढरी रेघ. साहेबांनी जरा घुश्शातच विचारलं, समुद्र कुठे आहे? नाना बसच्या सावलीत उभे होते. "गेलाय सायेब," ते म्हणाले, "येल दुपारला." आम्ही महिनाभर हसत होतो. नाना मात्र हसले नाहीत. आपल्याच घरातलं कुणी पाहुण्यांसमोर वेळेवर हजर न झाल्यासारखे ते ओशाळून गेले होते.

त्यानंतर सहली नानांकडेच आल्या. त्यांना कुणी म्हणालं की नाना, दोन दिवस कुठेतरी जाऊन यावं म्हणतो, जागा सुचवा, तर ते जागेचं नावच काढत नसत. "जागा सगल्याच चांगल्या हायत. मानूस कोन हाय ते सांगा," म्हणत. मग चौकशी सुरू. बायको बरोबर आहे का, ती माहेरी कशात वाढली, पोराला पाण्याची भीती वाटते का, म्हातारं माणूस जमिनीवर बसू शकतं का. मला सुरुवातीला वाटे, काय हा भोचकपणा. लोक दोन घटका मजा करायला चाललेत, सोयरीक जुळवायला नाही.

आणि कुणालाही कुठे पाठवायच्या आधी नाना स्वतः तिथे जाऊन बसत. नुसते जाऊन येत नसत, बसत. ज्या वेळेला पाहुणे पोचणार त्या वेळेला, ज्या झाडाखाली ते टेकणार त्या झाडाखाली, तास दोन तास. "जागा बगून कलत नाय," हे त्यांचं नेहमीचं, "बसून कलते." ऊन कुठून फिरतं, वारा वाळू कधी उडवतो, हे सगळं त्यांना तिथे बसून कळे. सहलीला बरोबर आले तरी ते पंगतीत जेवत नसत. आम्ही सगळे तोंड वर करून निसर्ग बघत असू, आणि नाना बाजूला उभे राहून आमची तोंडं बघत असत. चेहरा खुलला की हळूच मान हलवत आणि पान लावायला घेत.

आता माझ्या वडिलांचं सांगतो. आण्णा विहिरी खोदायचे. आमच्या दुष्काळी भागात त्यांनी पन्नास वर्षं तेच केलं, पहार, सुरुंग आणि दोरखंड. कधी पाणी लागायचं, कधी नुसता कातळ. स्वतःच्या रानातली विहीर त्यांनी दोन भावांच्या मदतीने सात परस खाली नेली. परस म्हणजे उभ्या माणसाएवढी खोली. त्या विहिरीत मी कधी उतरलो नाही. उतरावं लागू नये म्हणून तर शिकलो आणि बोईसर गाठलं. आण्णांनी त्यावर कधी चकार शब्द काढला नाही, पण आमच्यात बोलणं असं उरलंच नाही. फोनवर पाऊस आहे का, तब्येत बरी का, ठेवू का, एवढंच.

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांचं हृदय थकलं. डॉक्टरांनी बजावलं की आता लांबचा प्रवास नको. त्याच संध्याकाळी आण्णांचा फोन आला, आपण होऊन, आयुष्यात पहिल्यांदा. म्हणाले, "एकदा समुद्र दाव. मग मी गावातनं हलणार न्हाई." या माणसाने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, आणि आता मागितलं ते एकदाच मिळण्यासारखं होतं. त्यात चूक झाली असती तर दुरुस्तीला दुसरी खेप नव्हती.

मी डोकं लावलं. तोवर पाऊणकी मलाही येत होती. माघ वद्य अष्टमी, आठ पाऊण सहा, वर अर्धा, म्हणजे साडेसहाला भरती. मावळता सूर्य आणि समोर काठोकाठ समुद्र. शिवाय वार शुक्रवार, आमच्या सुट्टीचा. आपणच आपल्यावर खूश होऊन मी नानांना सांगायला गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, मानूस कोन हाय? वडील, म्हटलं. करायचे काय? विहिरी खोदायचे. नाना कॅलेंडराकडे न बघताच म्हणाले, "अष्टमी नको. बीज. सकाली साडेसातला मुरब्याच्या किनाऱ्याला आना, अनवानी."

माझं डोकंच फिरलं. पौर्णिमेनंतरची बीज म्हणजे आधीचा शनिवार, रजा काढावी लागणार, आणि सकाळी साडेसात म्हणजे तीच ती साहेबांची सहल. मी स्पष्ट म्हणालो, नाना, माझ्या बापाला तुम्ही चिखल दाखवणार का? ते चिडले नाहीत. पण सांगितलंही काही नाही. दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोललो नाही. तिसऱ्या दिवशी सुपरवायझरच्या शिव्या खाऊन रजा टाकली, कारण इतक्या वर्षांत नाना एकदाही चुकले नव्हते आणि माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं.

बीजेच्या सकाळी मुरब्याच्या सुरूच्या झाडांतून आम्ही बाहेर पडलो, आणि व्हायचं तेच झालं. समुद्र नव्हता. आण्णांनी कपाळावर हात धरून लांबवर पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात नाना समोरून चालत आले, लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडलेला. त्यांच्यामागे वाळूत सुरूच्या डहाळ्या खोचलेल्या होत्या, दहा दहा पावलांवर एक, थेट आत जाणाऱ्या. पाय कुठे रुतत नाही ते आदल्या दिवशी ओहोटीला चालून त्यांनी बघून ठेवलं होतं आणि पहाटे येऊन तेवढी वाट आखली होती. आण्णांना नमस्कार करून ते म्हणाले, "चला. तुमाला आदी तल दाखवतो."

आण्णांचा चेहरा मी त्या क्षणी पाहिला. असा चेहरा मी जन्मात पाहिला नव्हता.

आम्ही तिघं समुद्राच्या तळावरून चालत गेलो. पायाखाली वाळूला बारीक बारीक वळ्या, त्यांत शंख, इवलाले खेकडे. पश्चिमेला पाण्याच्या रेघेवर फिकट चंद्र अजून टेकलेला होता. शेवटच्या डहाळीपाशी आण्णा उकिडवे बसले आणि त्यांनी हाताने खड्डा उकरायला घेतला. कोपरापर्यंत हात गेला तसं खालून पाणी झिरपलं. ओंजळीत घेऊन त्यांनी ते तोंडात घातलं, थुंकलं आणि खो खो हसले. मग उठून नानांना विचारलं, इथं पाणी किती चढतं? नानांनी आपल्या डोक्यावर हात धरला, मग त्याच्याही वर, आणि म्हणाले, "दोन पुरुस. दुपारी दोनला." आण्णांनी वर पाहिलं. रिकाम्या आभाळात त्यांना ते दोन परस पाणी दिसत होतं, हे मी शपथेवर सांगतो. कारण मलाही दिसलं.

मग पाणी वळलं. आवाज न करता, एक पातळ पदर वाळूवरून सरकत आमच्या पायांशी आला. नाना म्हणाले, आता मागे. आम्ही उलट्या पावलांनी निघालो, पाणी पुढे आणि आम्ही मागे. एकेक डहाळी आमच्यासमोर बुडत गेली. आण्णा प्रत्येक डहाळीपाशी थांबत, ती दिसेनाशी होईपर्यंत बघत, आणि मगच पुढचं पाऊल मागे टाकत. कोण सोडतंय हे पाणी, त्यांनी विचारलं. नानांनी मावळत्या चंद्राकडे बोट केलं. आण्णांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

दुपारी आम्ही सुरूखाली बसलो होतो. नानांच्या घरून उकडहंडी आली होती, कंद आणि वालाच्या शेंगा मडक्यात शिजवलेल्या, पण आण्णांचं जेवणाकडे लक्ष नव्हतं. समोर समुद्र काठोकाठ उभा होता आणि आम्ही सकाळी चाललो ती जमीन त्याखाली गेली होती. "जलमभर मी पाण्याकडं खाली उतरत गेलो," ते म्हणाले, "आज पाणी चालत माज्याकडं आलं." हे ते मला म्हणाले. इतक्या वर्षांत माझ्याशी बोललेलं एवढं मोठं वाक्य मला दुसरं आठवत नाही. नाना बाजूला उभे राहून आण्णांचा चेहरा बघत होते. मान हलवून त्यांनी पान लावायला घेतलं.

निघताना आण्णांनी नानांचे दोन्ही हात धरले आणि आमची हीर बघायला या म्हणाले. वैशाखात या, तेव्हा तळ दिसतो. नाना लाजल्यासारखे झाले. दुनियेच्या सहली आखल्या, पण त्यांना कुणी बोलावलंय, त्यांच्यासाठी कुणी दिवस ठरवलाय, असं कधी घडलं नव्हतं. मग आण्णांचे फोन सुरू झाले. नानांचे गुडघे कसे आहेत, भाकरी चालते का, उन्हाची सवय आहे का. एकदा कळवलं की पायऱ्यांना दोर बांधला, आणि रोज तिसऱ्या प्रहरी तिथे बसून ऊन कुठवर येतं ते बघून ठेवतोय. मी चाट पडलो. नानांची सगळी विद्या म्हाताऱ्याने एका सकाळीत उचलली होती.

पहिल्या वर्षी वादळाने नानांच्या केळी आडव्या केल्या. दुसऱ्या वर्षी त्यांच्या पत्नीचं आजारपण निघालं. तिसऱ्या वर्षी, म्हणजे गेल्या वर्षी, नाना निवृत्त झाले आणि तिकीट काढलं, माझ्याच शेजारचं. फाल्गुनात एका सकाळी वाडीत पानवेलींना पाणी देताना ते बसले ते उठलेच नाहीत. मी फोन करून आण्णांना सांगितलं. ते म्हणाले, तू ये. ठरल्या दिवशीच ये.

वैशाखात मी एकटाच गेलो. आण्णा मला थेट विहिरीवर घेऊन गेले. पायऱ्या झाडलेल्या, दोर पक्का बांधलेला, आणि खाली पाण्याची जेमतेम घागरभर चकाकी. डॉक्टरांच्या नावाने मी त्यांना अडवलं, तेव्हा ते म्हणाले, "मी वरच्याच पायरीवर बसतो. तू उतर. तुला तरी कुठं दावली मी कदी."

मी चपला काढल्या आणि उतरलो. परसामागून परस कातळ वर जात होता, आणि त्यावर पहारीचे घाव होते, माझ्या वडिलांच्या हातचे, हजारो. हाताने चाचपत मी खाली पोचलो. तळाशी एका फटीतून पाण्याची बारीक धार येत होती. ओंजळ धरून मी प्यालो. गोड होतं, आणि दात कळवळावेत इतकं गार. एवढ्याशा धारेसाठी हा माणूस सात परस दगड फोडत आला होता आणि मी चाळीस वर्षं वरून निघून जात होतो. मला रडू आवरेना.

तोंडावर पाणी मारून मी वर बघितलं. आण्णा पायरीवर बसले होते आणि विहिरीकडे नाही, माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांनी हळूच मान हलवली.