साबणाच्या वडीवरची गुरुकिल्ली

आज प्रार्थनेत मन लागलं नाही. डोळे मिटले की त्या इमारतमालकाचं हसरं तोंड समोर येई. देवा, राग आवरायची बुद्धी दे असं आज मागणार नाही. राहू दे तो.

माझे धाकटे दीर किल्ल्या बनवतात. बोलणं मोजकं, म्हणून घरात सगळे त्यांना ‘बंद कुलूप’ म्हणतात. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ते चौकातल्या एका इमारतीच्या जिन्याखाली बसतात. पितळेचा कीस बोटांत असा मुरलाय की हात कितीही धुतले तरी चमकतो. नियम एकच: मूळ किल्ली आणा, नाहीतर कुलूप आणा. नुसत्या ठशावरून किल्ली मिळणार नाही.

त्या इमारतीचा मालक म्हणजे आमच्या ह्यांचं दैवत. परवा त्याचं भाषण होतं, ‘यशाची गुरुकिल्ली’. हे टाळ्या वाजवून आले आणि भावाला म्हणाले, “बघ, तोही किल्लीचंच बोलतो, पण कुठे पोचला! आणि तू? जिन्याखाली.”

“जिन्याखाली सावली असते, दादा,” भावजी म्हणाले.

काल तोच गुरुकिल्लीवाला साबणाची वडी घेऊन जिन्याखाली आला. वडीवर ठसा होता, वरच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या किल्लीचा. बाई खोली सोडत नाहीत.

“कपडे पोचवायला गेली की सामान रस्त्यावर काढतो. कटकट मिटेल. कर लवकर.”

“ठशावरून करत नाही.”

“अरे, खोली माझी आहे!”

“खोली तुमची. कुलूप बाईंचं.”

“आणि हा जिना कुणाचा?”

भावजींनी कानशी गुंडाळल्या, वर जाऊन बाईंना सावध केलं आणि किल्ल्या घासायचं यंत्र खांद्यावर घेऊन घरी आले.

ह्यांनी मनसोक्त तोंडसुख घेतलं. “मोठा सत्यवादी लागून गेलास! एक किल्ली केली असतीस तर हात झिजले असते? लोक कुठल्या कुठे गेले आणि हा होता तिथूनही उठला!”

“उद्या आपल्या दाराचा ठसा घेऊन कुणी आलं, तर करू, दादा?”

ह्यांनी नुसता हात उडवला. पण मला गप्प बसवेना. हातातलं पातेलं मी आपटलंच. “रोज देवापुढे बसता आणि बाईमाणसाच्या घराची किल्ली परक्याला द्यायला सांगता? असलं यश जळो मेलं!”

मग रस्त्याकडच्या खिडकीशी असलेली ह्यांची आरामखुर्ची मी फरफटत आत नेली आणि तिथे भावजींचं यंत्र मांडलं.

“वहिनी, कीस उडेल घरभर.”

“उडू दे. सोन्याचा मुलामा दिलेले पुष्कळ पाहिले. घरात थोडं खरं पितळ असू दे.”

आज सकाळी खिडकीशी पहिलं गिऱ्हाईक आलं, त्याच शिवणकामवाल्या बाई. हातात दाराचं जुनं कुलूप. “भाऊ, दुसरं द्या. माझ्या किल्लीचा ठसा कुणी कधी घेतला, देव जाणे.”

भावजींनी नवं कुलूप चालवून दाखवलं आणि त्याच्या होत्या तेवढ्या सगळ्या किल्ल्या बाईंच्या ओंजळीत ठेवल्या.

“आता त्या वडीनं आंघोळ कर म्हणावं त्याला!” मी म्हणाले. बाई हसल्या. बंद कुलूपही हसलं.

हे दारात उभे राहून सगळं बघत होते. मग पुटपुटले, “अगं, माझी खुर्ची?”

“आत आहे. बसा आणि टाळ्या वाजवा.”