निधनवार्तेतली दशक्रिया

मानवतचे निवृत्त मुख्याध्यापक सिद्धोधन कांबळे कोणताही मजकूर शंका घेतच वाचत. धाकटी बहीण सत्यशीला गेली, तेव्हा भाची संघप्रियाने निधनवार्ता संगणकातल्या एआयकडून लिहून घेतली. वाचताना त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“पोरी, दशक्रिया विधी कुणाचा? आपल्या बौद्धांत पुण्यानुमोदन असतं.”

“मामा, मी आईचं नाव अन् निधन एवढंच सांगितलं. पुढचं त्यानं मनानंच टाकलं.”

“त्याला कुठलं मन? निधनामागं बहुतेक वेळा येणारे शब्द त्यानं जोडले. आमच्या बापानं धम्मदीक्षा घेतली, अन् यानं त्याच्या लेकीला एका ओळीत मागं नेलं!”

संघप्रियाने ती ओळ खोडली. मामांचा संशय मात्र फिटेना.

“हे ‘मनमिळाऊ’सुद्धा त्याचंच?”

“व्हय.”

“मग सगळंच खोड. लय भांडखोर होती ती. मी सांगतो, तू लिही.”