अस्तरावरची विनंती

गल्लीतला कोटवाला शिंपी हातकामात वाघ, पण मागायच्या बाबतीत गोगलगाय. दुकानदाराने दोन बटणं कमी दिली तरी मुकाट्याने परत यायचा. आणि आता बघा, त्याला मागायची होती नात! तीही महिनाभर, तीही विहीणबाईंकडे, तीही इटालियनमध्ये!

लेक इटलीला दिलेली. नातीला सांभाळायची तिची सासू, त्यामुळे शब्द सासूचा.

"मी मध्ये पडणार नाही, बाबा," लेकीने फोनवर हात झटकले. "आम्ही सगळ्या येतोय, तुम्हीच विचारा त्यांना. आणि 'वोल्यो' म्हणू नका हं. ते म्हणजे पाय आपटून 'मला पाहिजे'. 'वोर्रेई' म्हणा."

"म्हणजे गं काय?"

"आपण दुकानात नाही का म्हणत, 'जरा दोरा हवा होता'? हवा आत्ताच असतो, पण म्हणतो 'होता'. तसं."

शिंप्याला ते फार पटलं. पण तेव्हापासून जिवाला चैन म्हणून नाही. माप घेताना पुटपुटायचा "वोर्रेई, वोर्रेई", आणि गिऱ्हाईक घाबरून विचारायचं, "इतकं पोट सुटलंय?" विहीणबाईंसाठी निळा कोट शिवायला घेतला, तर दोन टाके घालून उठायचा, दारापर्यंत जायचा, परत यायचा. शेवटी पाठांतरासाठी लेकीने पाठवलेलं इटालियन वाक्य त्याने चित्र काढावं तसं त्याच कोटाच्या अस्तरावर खडूने उतरवलं: नात महिनाभर माझ्याकडे हवी होती.

आणि "इस्त्रीआधी खडू झटक" असं चाळीस वर्षं दुसऱ्यांना बजावणारा हा गृहस्थ, त्याच अस्तरावर इस्त्री फिरवून मोकळा झाला! खडू बसला कापडात.

मंडळी आली. शिंप्याने विहीणबाईंना पाणी दिलं. खुर्ची सरकवली. पुन्हा पाणी दिलं.

"बाबा, विचारा की!" लेक कुजबुजली.

विचारायचं सोडून त्याने कोटच पुढे केला. बाईंनी टाके बघायला तो उलटला आणि थबकल्या. तेव्हा कुठे शिंप्याला खडू आठवला. धरणी दुभंगली तर बरं, असं झालं त्याला.

बाईंनी ओळ वाचली. परत वाचली. मग दोन बोटं वर केली.

"दोन आठवडे म्हणतायत," लेक म्हणाली.

शिंप्याने बोटातलं अंगुस्तान काढून खिशात टाकलं, चार बोटं वर केली आणि आयुष्यात पहिल्यांदा घासाघीस केली. "वोर्रेई," तो म्हणाला.

बाईंनी कोट अंगात घातला, नातीकडे पाहिलं, तिसरं बोट वर केलं. शिंपी हात खाली घ्यायला तयार नव्हता.