एक गुंठा कमी

मी तापट आहे हे चौथीच्या मुलांना पहिल्या आठवड्यात कळलं आणि दुसऱ्या आठवड्यापासून त्यांनी ते मनावर घेणं सोडून दिलं. मी मूळची सोलापूरकडची. नवरा आयटीत, म्हणून बदली मागून मुळशीत आले. राहायला महाळुंग्यात आणि शिकवायला नेऱ्याच्या पलीकडे, एका वस्तीवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. वर्गात चौदा मुलं आणि एक मोठी खिडकी. गेल्या वर्षी त्या खिडकीबाहेर जेसीबी आला.

शेजारचं रान आमच्या शाळा समितीच्या अध्यक्षांचं. कंपनीतल्या लोकांना भाड्याने देण्यासाठी ते तिथे खोल्या बांधणार होते. जेसीबीने पहिल्याच दिवशी मधलं मेंदीचं कुंपण उपटलं, आणि माझा वर्गही त्याच्याबरोबर गेला. मी अपूर्णांक शिकवायचे, मुलं बादलीत किती माती आली ते बघायची. प्रशिक्षणात आम्हाला लक्ष वेधण्याच्या टाळ्या शिकवल्या होत्या. पावसाची टाळी, रेल्वेची टाळी. मी टाळी सुरू केली की चौदाही जणं बिनचूक ताल धरायची, पण तोंड खिडकीकडेच.

अशाच एका टाळीच्या वेळी अध्यक्ष दारात येऊन उभे राहिले. त्यांची नात माझ्याच वर्गात. सगळ्यांत जास्त प्रश्न विचारणारी, आणि खरं सांगायचं तर मी शाळेत कुणासाठी लवकर पोचत असेन तर तिच्यासाठी.

"बाई, पोरांचं ध्यान कुटं हाय?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या जेसीबीत," मी म्हटलं. जीभ आवरत नाही, तो माझा जुना रोग.

त्यांना हसू आलं नाही. "आमी हिला हिंजवडीला इंग्लिश शाळंत घालतोय. सोमवारी दाखला न्यायला येतो."

मी हबकलेच. एक मूल जाण्यापुरती ही गोष्ट नव्हती. त्या घराने नात काढली की वस्तीवरची बाकीची घरं महिनाभरात मागोमाग जाणार, आणि पट घसरला की शाळेला कुलूप. पण मला लागलं ते वेगळंच. ती पोरगी जाणार, आणि कारण मी.

रागाच्या भरात मी दुसऱ्या दिवशी खिडकीला खालपासून वरपर्यंत वर्तमानपत्रं चिकटवली. मोठी युक्ती केल्यासारखं वळून बघते तर वर्ग खिडकीवरच्या जाहिराती मोठ्याने वाचत होता. 'निसर्गाच्या कुशीत प्रशस्त सदनिका.' ज्या मुलाने वर्षभरात धड्याची एक ओळ धड वाचली नव्हती, त्याने 'क्लब हाऊस' आणि 'पोडियम पार्किंग' न अडखळता वाचलं. मला रडावं की हसावं कळेना.

"बाई, चौरस फूट म्हंजी किती?" अध्यक्षांच्या नातीने विचारलं. "आमच्याकडं समदं गुंठ्यात आसतं. तेहतीस बाय तेहतीस म्हंजी एक गुंठा."

"कुणी सांगितलं?"

"आबांनी. आमच्या पडवीत रोज त्येच चालतं."

पुस्तकातलं क्षेत्रफळ चौरस सेंटीमीटरमध्ये, आणि माझ्या वर्गात सेंटीमीटरशी कुणाचंच देणंघेणं नव्हतं. मी पुस्तक मिटलं. लांब उडीसाठी आणलेला टेप कपाटातून काढला आणि सांगितलं, सोमवारी शाळेची जागा मोजायची. दर्शनी भिंतीवर रंगवलेलंच होतं : क्षेत्रफळ पाच गुंठे. ते बरोबर येतं का बघायचं.

सोमवारी अध्यक्ष आले तेव्हा मुलं बाहेर मोजत होती. मी व्हरांड्यात टेबलावर दाखला लिहायला घेतला. लांबी नव्याण्णव फूट, असा ओरडा आला. थोड्या वेळाने रुंदी चव्वेचाळीस. मग फरशीवर खडूने गुणाकार सुरू झाला, भांडणं झाली, एकाने दुसऱ्याचा हातचा पुसला. बाहेर जेसीबी घरघरत होता आणि एकही मान तिकडे वळत नव्हती. मी नाव, आईचं नाव, जन्मतारीख लिहीत होते आणि मला अजिबात लिहावंसं वाटत नव्हतं.

"आबा," नात धावत आली, "शाळा चारच गुंठे भरतीया. एक गुंठा कमी हाय."

"टेप ढिला धरला आसंल."

"दोनदा मोजली. दुसऱ्यांदा मीच ताणून धरला. आपल्या अंगाला अकरा फूट कमी येतंय."

आपल्या अंगाला म्हणजे उपटलेल्या कुंपणाच्या बाजूला. तिथे फक्कीची पांढरीशुभ्र रेघ होती, खोल्यांच्या पायाची, आणि मुलांनी टेप त्या रेघेपर्यंतच धरला होता. चौदा मुलं रेघेकडे बघत होती. मी दाखल्याकडे बघत होते. एरवी नको तिथे चालणारी माझी जीभ त्या दिवशी टाळ्याला चिकटून बसली, हे मी कबूल करते.

अध्यक्ष उठले. नातीचा हात धरून रेघेपर्यंत गेले, मग कुंपणाच्या मुळांचे खड्डे दिसत होते तिथपर्यंत पावलं टाकली. अकरा फुटांना जेवढी लागायची तेवढीच लागली. तोंड वळवून त्यांनी जेसीबीवाल्याला हाक मारली, "रेघ मागं घे रं. चुकून पडलीया."

परत येऊन ते खुर्चीत बसले. मी पेन उचललं. एकच रकाना उरला होता.

"शाळा सोडण्याचं कारण काय लिहू?" मी विचारलं. "लक्ष लागत नाही, असं?"

त्यांनी मान वळवून बाहेर पाहिलं. अंगणात त्यांची नात टेप गुंडाळत होती आणि बाकीच्यांना सांगत होती की उद्या देवळाची जागा मोजायची.

"काय लिवू नका," ते म्हणाले. "इंग्लिश शाळंत घातली तर हे समदं इंग्लिशमधी सांगत फिरंल. हितं हाय तवर निदान आपल्याआपल्यात ऱ्हाईल."

मी दाखल्यावर आडवं 'रद्द' लिहिलं. टेप मात्र कपाटात ठेवला नाही, उद्या देवळाला लागणार होता.