मधल्या खोलीतलं सामान

मामाजी म्हणजे माझे सासरे. त्यांच्या हातून धान सुटायचं, दूध सुटायचं, रागाच्या भरात चांगली दणदणीत शिवीही सुटायची. पण मोडकी वस्तू काही सुटायची नाही. दांडा तुटलेली कुऱ्हाड असो की काच फुटलेला कंदील, उचलून दाराबाहेर न्यावा तर सपरीतून आवाज यायचाच, "राहू दे बाई, कामाचं हाय." कोणत्या कामाचं, हे विचारायची सोय नव्हती. विचारलं तर ते सांगत बसायचे.

इंग्रज जाऊन थोडीच वर्षं झाली होती. तेव्हा आमचा सगळा मुलूख मिळून चांदा जिल्हा होता. गोंडपिपरीहून सकाळी बंडी जुंपली की दुपारपर्यंत आमचं गाव यायचं. घर मातीचं, वर कवेलू, पुढे सपरी म्हणजे ओसरी, मागे रांधायची खोली आणि या दोघींच्या मध्ये ती मधली खोली. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. घरात माणसं तीनच, मामाजी, माझे मालक आणि मी. पण मधल्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. बूड गेलेल्या टोपल्या, नुसत्या काड्या उरलेली छत्री, गंजके डबे, बंडीचं एकटं चाक, सुतळीचे गुंते, फाळ नसलेला नांगर, आणि कधीच मेलेल्या बैलाची घुंगरमाळ. त्या खोलीत उंदीरसुद्धा आडवे होऊन जात असतील.

माझं माहेर सिरोंच्याचं, गोदावरीच्या काठचं. तिकडे निम्मं बोलणं तेलुगूत. आईला मी अम्मा म्हणायची. बाबा गेले, भाऊ नाही, बहीण नाही, आणि अम्माच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता. दिवाळीत माहेरचा एक माणूस आला आणि हसत हसत सांगून गेला, की तुझ्या अम्मानं परवा दिव्यातलं मातीचं तेल वरणाच्या फोडणीला घातलं. तो हसला, मला हसू आलं नाही. चुलीवर भडका उडाला असता तर? त्या रात्री मी ठरवलं, अम्माला इथं आणायची. डोळे पुरते जायच्या आत आणायची.

मालकांना म्हटलं तर ते म्हणाले, "मले काई हरकत नाई. पण भाऊले विचार." बापाला ते भाऊ म्हणत, आणि सगळे निर्णय भाऊवर ढकलून वावरात जात.

मी भाऊंना विचारलं. मामाजींनी तंबाखू मळली, चिमूट दाढेखाली ठेवली आणि म्हणाले, "आणाले काय, आण ना. मी कधी नाई म्हटलं? पण ठेवशीन कुठी? जागा कुठी हाय घरात?"

मी काही गरीब गाय नव्हते. पण सासऱ्याच्या तोंडाला तोंड द्यायचं नाही, एवढं शिकून आले होते. मनात म्हटलं, जागा नाही ना? ठीक आहे. जागा करते.

पहिल्या खेपेला मी चूक केली. सरळ मार्गानं गेले. मामाजींना मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर पाट दिला आणि एकेक वस्तू हातात घेऊन विचारू लागले, ही ठेवायची की काढायची? बाप्पा! प्रत्येक वस्तूला गोष्ट होती. छत्रीच्या काड्या त्यांनी चांद्याच्या जत्रेतून आणल्या होत्या, म्हणजे तेव्हा त्यांच्यावर कापडही होतं. चाकाच्या गोष्टीत तर वाघ आला, आणि वाघ जाईपर्यंत दुपार झाली. संध्याकाळपर्यंत काय निघालं? एक पितळी लोटा, बुडाला भोक पडलेला. तोसुद्धा मामाजींनी मोठ्या मनानं दिला. दुसऱ्या दिवशी पाहते तर लोटा खोलीत जागच्या जागी!

"हे काऊन आणलं मामाजी?"

"कोंबड्यायले पाणी ठेवाले होते ना."

"गळते ना तो."

"कोंबड्या काय घागरभर पेतेत? गळेपर्यंत पिऊन घेतीन."

त्या दिवशी मला समजलं, या माणसाला विचारण्यात अर्थ नाही.

दुसरी खेप होळीला केली. आमच्याकडे होळीच्या दिवशी अंगणात पडलेलं लाकूड गावच्या पोट्ट्यांचं. उचलून नेलं तर मालकानं मागायचं नाही, शिवी द्यायची तर देऊन घ्यावी, सणाचं कोणी मनावर घेत नाही. मी दुपारीच मधल्या खोलीतला नांगर, चाक आणि बाजेचे मोडके पाय अंगणात नेऊन टाकले. म्हटलं, वाळवी लागली आहे, ऊन दाखवते. मामाजींना वास आलाच. ते काठी घेऊन नांगरावरच बसले. पोट्टे लांबून बघत होते, मामाजी त्यांच्याकडे बघत होते, आणि मी दारातून दोघांकडे बघत होते.

दिवेलागणीला पोट्ट्यांनी डोकं चालवलं. चार मोठी माणसं मामाजींना बोलवायला पाठवली, यंदा होळी तुमच्या हातानं पेटायची आहे म्हणून. एवढा मान आल्यावर मामाजी कसले बसतात! पागोटं बांधून ताठ चालत गेले. पूजा केली, नारळ वाहिला, कापूर लावला. होळी भडकली आणि त्या उजेडात त्यांना दिसलं, की सगळ्यात वर त्यांचाच नांगर बसला आहे. होळीतलं लाकूड परत काढत नाहीत. मामाजी हात जोडून बराच वेळ उभे राहिले. लोकांना वाटलं, काय भक्ती आहे! घरी आल्यावर मला म्हणाले, "लाकूड मात्र मस्त जळून राह्यलं होतं." मी पदर तोंडात कोंबला.

मग लग्नसराई आली. गावात कोणाकडे मांडव पडला की लोक चटया, डबे आणि गंज, म्हणजे मोठी पातेली, उसनी मागायला येत. मी कोणाला नाही म्हटलं नाही. उलट चहा पाजून मधल्या खोलीतलं काढून दिलं, वर दोन जास्तीचे डबे. आणायला मात्र गेले नाही. मामाजी विचारायचे, "आपला तो मोठा गंज कुठी हाय?" मी म्हणायची, "तिकडं हळदीले गेला." वैशाख संपला तरी आमचे गंज हळदीलाच होते.

खोलीची एक भिंत दिसायला लागली, मग दुसरी. पण मला धीर धरवत नव्हता. पावसाळ्यात सिरोंच्याची वाट बंद. तिकडून निरोप नाही, माणूस नाही. अम्मा अंधारात चाचपडत चूल पेटवते आहे, हे माझ्या डोळ्यांपुढून हलायचं नाही. पाऊस कवेलूंवर वाजायला लागला की मला मामाजींच्या प्रत्येक डब्याचा राग यायचा. माणसाला जागा नाही आणि डब्यांना आहे! कधी कधी वाटायचं, सगळी खोलीच उचलून नदीत फेकावी.

उरलंसुरलं मी मारबतीवर ठेवलं. पोळ्याच्या संध्याकाळी आमच्याकडे दारात पळसाच्या फांद्या ठेवतात. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या उचलायच्या, त्यांच्यासोबत जुने खराटे, फाटकी सुपं, चिंध्या, असं घरातलं सगळं नको ते घ्यायचं आणि "घेऊन जा गे मारबत!" असं ओरडत गावाच्या शिवेपलीकडे टाकून यायचं. खोकला जातो, ढेकूण जातात, इडापीडा जाते. आणि शीव ओलांडून गेलेली वस्तू पुन्हा घरात आणायची नाही. आणली तर इडापीडाही तिच्यासोबत येते. हे मामाजीही मानत होते, म्हणून तर माझी सगळी भिस्त या दिवसावर होती.

पहाटे मी खोलीतलं होतं नव्हतं ते अंगणात काढलं. वाटलं, आता भांडण होणार. पण मामाजी म्हणाले, "तू काऊन जातं चिखलात? मी नेतो बंडीनं. तू घर सारवून घे." आणि खरंच घेऊन गेले! टोपल्या, डबे, छत्री, घुंगरमाळ, तो गळका लोटा, सगळं. जाताना ओरडलेही, "घेऊन जा गे मारबत!" मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण आनंदात माणूस जरा बावळटच होतो. मी खोली शेणानं सारवली, भिंतींना पांढरी माती लावली, आणि रिकाम्या खोलीत उगीचच एकदा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालून आले.

वाट सुरू झाल्यावर मालक बंडी घेऊन सिरोंच्याला गेले. अम्मा आली. तिच्याजवळ एक गाठोडं, एक तांदळाची थैली आणि एक घोंगडी, बस. मी हात धरून तिला मधल्या खोलीत नेलं. तिनं भिंतीवरून हात फिरवला, जमिनीवरून फिरवला, म्हणाली, "छान केली." मग सपरीत येऊन बसली. मी पाणी दिलं, तर भांडं बाजूला सारलं.

"वद्दु," ती म्हणाली. तेलुगूत वद्दु म्हणजे नको.

तिच्या घरची रीत होती, लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, अन्न खायचं नाही. पाणी तिनं शेजारच्या बाईकडून मागवलं. विहीर तीच, घागर तेवढी दुसरी! मग अंगणात तीन दगड मांडून आपल्या थैलीतले तांदूळ शिजवायला बसली. डोळ्यांना दिसत नाही, जाळात हात जायचा, म्हणून मी शेजारी उभी. म्हणाली, "तुले भेटाले आली होती. दोन दिवस राहते, मंग पाठवून दे. लेकीच्या घरी फुकट खाऊन राह्यली, असं कोणी म्हटलं तर मले खपणार नाई."

वर्षभराची मेहनत माझी! मी रडले, ओरडले, भांडले. "कोण म्हणतं फुकट? मी तुझी पोर नाही का?" ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, वद्दु. मामाजी सपरीच्या दुसऱ्या टोकाला तंबाखू मळत बसले होते. मला त्यांचाही राग आला. झालं ना आता तुमच्या मनासारखं, असं अगदी ओठांवर आलं होतं, पण गिळलं.

तिसऱ्या दिवशी सकाळीच मामाजी बंडी घेऊन कुठंतरी गेले. अम्मा गाठोडं बांधत होती. थोड्या वेळानं बंडी अंगणात आली आणि खडखडाट ऐकू आला. तो आवाज मी ओळखत होते. धावत बाहेर आले, तर मामाजी एकेक वस्तू उतरवून मधल्या खोलीत नेत आहेत! टोपल्या, गंजके डबे, छत्रीच्या काड्या, घुंगरमाळ!

"मामाजी! मारबतीसंग गेलेलं घरात आणता?"

"गेलं कुठी? मारबत गेली शिवेपल्याड. हे तर आपल्या वावरातल्या झोपडीत उतरलं होतं. शीव लांब हाय तिथून."

सारवलेल्या जमिनीवर पुन्हा तोच ढीग लागला. मला रडावं की डोकं आपटावं कळेना. सगळं आत गेल्यावर मामाजी अम्माच्या समोर येऊन बसले आणि मोठ्या गंभीरपणे म्हणाले,

"इहीनबाई, तुमी जाऊन राह्यल्या, जा. पण माही एक अडचण हाय. ह्या घरात एक बाई हाय. ते माह्या सामानावर टपून बसली हाय. नांगर होळीत घातला तिनं. गंज गावभर वाटून टाकले. मी दिवसभर वावरात असतो, मांगं काय जाते पत्ता नाई लागत. मले राखण कराले माणूस पायजे. कोणी भेटलं नाई अजून."

अम्माचा हात गाठोड्याच्या गाठीवर थांबला.

"राखणदाराले धन्याच्या घरचं जेवण असते," मामाजी म्हणाले. "आमच्या गावची रीतच हाय ते. त्याले कोणी फुकट म्हणत नाई."

"माझे डोळे गेले इवाई," अम्मा हळूच म्हणाली.

"डोळे काय कराचे? तिचा हात लागला की खडखड वाजतेच."

अम्मा उठली. भिंतीला धरत मधल्या खोलीत गेली. बराच वेळ आतून आवाज येत होते. ती एकेका वस्तूला हात लावून बघत होती. मग ती टोपल्यांच्या शेजारी, माझ्या त्या सारवलेल्या जमिनीवर, पाय पसरून बसली. मांडीवर घुंगरमाळ घेतली. मी आत पाऊल टाकलं तर माळ वाजवून म्हणाली, "कोण हाय? हात नको लावू कशाले."

मामाजी बाहेर खोकले. मला कळलं, ते हसू दाबत आहेत. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी पण हसत होते.

"अम्मा, मी आहे."

"तूच तर टपून बसली हाय म्हणे," ती म्हणाली. मग तिनं ढिगात चाचपडून तो पितळी लोटा काढला, बुडाचं भोक बोटानं शोधलं, त्यावर अंगठा दाबून धरला आणि लोटा माझ्यापुढे केला.

"मले तहान लागली," अम्मा म्हणाली. "आण पाणी. तुह्या घागरीतलं."